पहिली पाच मिनिटं: बेळगाव भागात विनोद सादर करू पाहणाऱ्या मैत्रिणींसाठी

हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात, गणपतीच्या मांडवात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किंवा एखाद्या कॅफेतल्या ओपन माइकला (जिथे नाव देऊन कुणालाही स्टेजवर जाता येतं) पहिल्यांदाच माइक हातात घेऊन लोकांना हसवायचं जिनं ठरवलंय, तिच्यासाठी हा लेख आहे. ती बेळगावच्या गल्लीतली असेल, खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली असेल, निपाणी-चिकोडीकडची असेल. अनुभव नसला तरी काही अडत नाही. एक वही, मोबाइल आणि रोजची अर्ध्या तासाची फुरसत एवढं भांडवल पुरतं.

लेखातली सगळ्यात जास्त जागा मी एकाच गोष्टीला देणार आहे: स्वतःवर केलेला विनोद. नवखी बाई स्टेजवर गेली की पहिला हशा तिला तिथेच सापडतो. 'मी एवढी जाड', 'माझा रंग बघा', 'मला मेलीला काय कळतंय', 'ह्यांनी मला काय बघून पसंत केलं देव जाणे'. हशा हमखास येतो, म्हणून पुढच्या खेपेला तेच करावंसं वाटतं, आणि वर्षभरात त्या बाईचा सगळा कार्यक्रम स्वतःला खाली पाडण्यावर उभा राहतो. स्वतःवर हसवता येणं ही मोठी कला आहे, तिला माझा विरोध नाही. पण हशा तुम्ही काय केलंत यावर यावा, तुम्ही काय आहात यावर नको. पुढच्या पायऱ्या या एका वाक्यातून निघाल्या आहेत.

पायरी 1. वहीचे दोन भाग करा

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला लोक तुम्हाला आजवर जे जे म्हणाले ते लिहा: काळी, बुटकी, ढ, बडबडी, 'पोरीच्या जातीला शोभत नाही', 'हिला कोण करून घेणार'. उजव्या बाजूला तुम्ही स्वतः केलेल्या गोष्टी लिहा. पाहुणे जाईपर्यंत कुंद्याचा डबा कपाटात लपवला. लग्नाच्या पंगतीत ओळख नसलेल्या बाईशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि ती कोण हे शेवटपर्यंत विचारलं नाही. भिशीचा नंबर लागावा म्हणून नवस बोलला. तहसीलदार कचेरीत कन्नडमधला फॉर्म समजला नाही, तरी मान डोलावून सही केली.

डावी बाजू भराभर भरते. उजवीला वेळ लागतो. दोन-चार दिवस वही स्वयंपाकघरातच ठेवा आणि आठवेल तसं लिहीत जा.

आता निवड. पहिल्या कार्यक्रमासाठी विषय फक्त उजव्या बाजूतून घ्या. डावीकडचं दुसऱ्याचं बोलणं आहे. ते तुम्ही स्टेजवर म्हणालात की ज्यांनी ते म्हटलं त्यांचंच काम तुम्ही पुढे नेता, आणि तेही माइकवरून. उजवीकडचा लबाडपणा, हावरटपणा, भिडस्तपणा, हट्ट सगळा तुमच्या मालकीचा आहे. त्यावर लोक हसतात तेव्हा त्यांना त्यांचा स्वतःचा लपवलेला डबा आठवत असतो.

पायरी 2. हसणाऱ्याचं बोट कुणाकडं जातं ते बघा

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते. समजा तुमच्याकडे वडापवरचा, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाडीवरचा, हा विनोद आहे:

'वडापमध्ये बसलो की ड्रायव्हर माझ्याकडं दोन सीटचे पैसे मागतो.'

लोक हसतील. पण हसून झाल्यावर त्यांच्या हाती काय राहिलं? तुम्ही जाड आहात, एवढंच. विनोद तिथेच संपला आणि त्याला पुढे वाट नाही. शिवाय तो खोटा आहे, कारण असं कुठलाच ड्रायव्हर मागत नाही. खरं काय घडतं ते आठवा. गाडीत मावतील त्याहून जास्त माणसं कोंबलेली असतात आणि सरकून घ्यायला सांगितलं जातं ते कायम बाईलाच. मग दुसरा खर्डा:

'वडापात चढलो. ड्रायव्हर म्हणतो, अक्का, जरा सरकून घ्या की. शेजारी एक मामा बसलेत, गुडघे असे फाकून, जणू मधल्या जागेचा उतारा त्यांच्याच नावावर हाय. ड्रायव्हर त्यांना कायबी म्हणत न्हाई. मलाच परत म्हणतो, अक्का, सरका.'

बोट आता मामांकडं आणि ड्रायव्हरकडं गेलं. विनोद सुधारला. तरीही मी इथे थांबणार नाही, कारण यात तुम्ही नुसत्या सोसणाऱ्या आहात. तिसऱ्या खर्ड्यात स्वतःला आत आणा:

'आणि मी सरकलो. सरकत सरकत दारापातूर गेलो. एक पाय आत, एक पाय बाहेर, एका हातानं टप धरलाय. आणि तशात मीच मामांना विचारतो, मामा, तुम्हाला अडचण होत न्हाई न्हवं?'

हा स्वतःवरचाच विनोद आहे, आणि चांगला आहे. हसू तुमच्या भिडस्तपणावर आहे, आणि समोर बसलेल्या प्रत्येक बाईनं तो भिडस्तपणा कधी ना कधी केलेला असतो. सासरी, बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये. मामांना एकही वाईट शब्द न बोलता त्यांचं वागणं उघडं पडलं. तुमचं शरीर कुठेही मधे आलं नाही.

प्रत्येक विनोदाला हे तीन खर्डे करून बघा. पहिल्यात सहसा स्वतःची बदनामी असते, दुसऱ्यात दुसऱ्याची तक्रार, आणि तिसऱ्यात काहीतरी खरं हाताला लागतं. बहुतेक जणी पहिल्यावरच थांबतात, कारण तिथे हशा स्वस्तात मिळतो.

पायरी 3. अंग, रंग आणि वय पहिल्या वर्षी बाजूला ठेवा

यावर वाद होईल याची मला कल्पना आहे. 'माझं शरीर, माझा विनोद' असं म्हणणाऱ्या मुली मला भेटतात आणि त्यांचा हक्क मला मान्य आहे. तरी नवख्या मुलीला मी हेच सांगते, आणि त्यामागचं कारण दोन बायकांच्या कामातून समजून घेण्यासारखं आहे.

पहिली अमेरिकेची फिलिस डिलर. ही पाच मुलांची आई 1955 साली, वयाच्या 37 व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पर्पल अनियन' या क्लबमध्ये विनोद सादर करू लागली. स्टँडअपमध्ये, म्हणजे एकटीनं माइकसमोर उभं राहून हसवण्यात, तेव्हा बायका फारच थोड्या होत्या. आपलं रूप, आपला स्वयंपाक, आपलं बेढब अंग यांवर ती तुफान हसवायची. मात्र तिचं अंग बेढब नव्हतंच. ते तसं दिसावं म्हणून ती ढगळ झगे घालायची, केस पिंजारायची आणि 'फँग' नावाच्या काल्पनिक नवऱ्याच्या गोष्टी सांगायची. स्टेजवरची ती कुरूप बाई हे तिनं घडवलेलं सोंग होतं. खेळ संपला की ती ते उतरवून ठेवी.

दुसरी आपल्याकडची टुणटुण. तिचं खरं नाव उमादेवी. ती आधी गायिका होती आणि 1940 च्या दशकात तिची गाणी गाजली होती. पुढे ती हिंदी सिनेमातली पहिली मोठी विनोदी अभिनेत्री झाली आणि तिच्या बहुतेक भूमिका तिच्या जाडेपणाभोवती फिरत राहिल्या. परिणाम काय झाला ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. वर्गातल्या जाड मुलीला 'टुणटुण' म्हणून चिडवायची पद्धत पडली. तिचा गळा आणि तिचं टायमिंग लोक विसरले. तिच्या नावाचा उरला एक टोमणा, आणि तो आजही कुठल्या तरी मुलीच्या डाव्या पानावर लिहिलेला असतो.

डिलरकडे सोंग होतं. बेळगावात तुम्ही स्वतःच्या नावानं, स्वतःच्या साडीत, ओळखीच्या लोकांसमोर उभ्या राहता. प्रेक्षकांत तुमची शेजारीण आहे, मुलाच्या वर्गशिक्षिका आहेत, कोपऱ्यावरचा किराणावाला आहे. रात्री मांडवात तुम्ही स्वतःच्या रंगावर केलेला विनोद सकाळी दुधाच्या रांगेत कुणीतरी तुम्हालाच ऐकवतं, आणि त्याला वाटतं तुमची परवानगी आहे. मुंबईत कार्यक्रम संपला की प्रेक्षक पांगतात. गल्लीत प्रेक्षक समोरच्या घरात राहतात.

ऑस्ट्रेलियाच्या विनोदकार हॅना गॅड्सबी यांचा 'नॅनेट' हा कार्यक्रम 2018 मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि जगभर या विषयाची चर्चा सुरू झाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जो माणूस आधीच समाजाच्या कडेला ढकलला गेलाय, त्यानं स्वतःला हिणवणं ही नम्रता नसते, तो अपमान असतो, आणि बोलायची परवानगी मिळावी म्हणून तो अपमान स्वतःहून केलेला असतो. सीमाभागातल्या मराठी बाईला हे समजायला वेळ लागू नये. बाई म्हणून एका कडेला, आणि भाषेनं दुसऱ्या.

मानसशास्त्रातही ही विभागणी झालेली आहे. रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या. त्यांतल्या दोन स्वतःशी संबंधित आहेत. एकीत माणूस अडचणीतही गंमत शोधून स्वतःला सावरतो, दुसरीत इतरांनी आपल्याला जवळ करावं म्हणून स्वतःला पायाखाली घालतो. पहिलीचा संबंध चांगल्या मनःस्वास्थ्याशी दिसतो, दुसरीचा कमी आत्मसन्मान, चिंता आणि नैराश्याशी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायची खूण घरी गेल्यावर मिळते: त्या रात्री तुम्हाला हलकं वाटतंय का, की हशा आठवून कुठेतरी टोचतंय?

एक वर्ष झालं, पंचवीस-तीस वेळा स्टेजवर उभ्या राहिलात, हात बसला, की मग शरीरावर बोलायचं तर खुशाल बोला. तेव्हा ते तुमच्या अटींवर असेल.

पायरी 4. आपल्या आज्यांकडून शिका

स्टँडअप हा परदेशी प्रकार आहे आणि आपल्याकडच्या बायकांना विनोदाची परंपरा नाही, असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला अश्विन महिन्यात हादग्याला घेऊन जा. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू एकेक सबब सांगत लटकवत ठेवते आणि फेर धरलेल्या सगळ्याजणी त्या सासूला हसतात. जात्यावरच्या ओव्यांत, मंगळागौरीच्या खेळांत नणंदा, जावा, भोळे नवरे, कंजूष सासरे यांची यथेच्छ खबर घेतलेली असते. एकनाथांच्या भारुडातली सून तर देवीला नवस बोलून सासरची एकेक माणसं वाटेतून दूर करायला सांगते. यातली कुणीही 'मी बाई कुरूप, मी बाई बावळट' म्हणत रडत नाही. बायका बायकांमध्ये हसल्या तेव्हा त्या सत्तेला हसल्या.

स्वतःला खाली पाडून हसवायची सवय आली ती पुरुषांनी लिहिलेल्या स्टेजवरून. तमाशातली मावशी पुरुषच करायचा. आज टीव्हीवरच्या स्किटमध्ये साडी नेसून बाईची टिंगल करणारेही बहुतेक पुरुषच असतात. त्याच टीव्हीवर नम्रता संभेराव, विशाखा सुभेदार, वनिता खरात, श्रेया बुगडे यांचं काम बघताना वहीत नोंद करा: कोणता हशा त्यांच्या अभिनयाला मिळतोय आणि कोणता लेखकानं त्यांच्या अंगावर लिहिलेल्या ओळीला? हा अभ्यास दहा पुस्तकांच्या मोलाचा आहे.

आणि स्टेज हे आपल्या जिल्ह्यातल्या बाईला नवं नाही. गोकाककडच्या कौजलगीच्या निंगम्मांनी 'श्रीकृष्ण पारिजात' या कन्नड लोकनाट्यात अख्ख्या उत्तर कर्नाटकात नाव कमावलं होतं.

उखाण्याचा एक थेट उपयोग सांगते. उखाण्यात नाव शेवटी येतं आणि सगळ्यांचे कान तिथे लागलेले असतात. विनोदाचा पंचही, म्हणजे हसवणारा शब्दही, असाच शेवटी यायला हवा. मराठीत अडचण अशी की वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं आणि पंचाचा शब्द मधेच वाया जातो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत बायकांना मिळणाऱ्या पैशांवरचं हे बघा:

'गृहलक्ष्मीचे दोन हजार आल्यावर सासूबाईंनी माझ्या हातात किराणाची यादी ठेवली.'

'यादी' म्हटल्यावर लोक हसायला लागतात आणि 'ठेवली' त्या हशात अडखळतं. हेच असं करा:

'गृहलक्ष्मीचे दोन हजार आले. सासूबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, हात पुढं कर. केला. हातात ठेवली... किराणाची यादी.'

तुमच्या प्रत्येक विनोदाचं शेवटचं वाक्य तपासा. हसवणारा शब्द सगळ्यात शेवटी आणा, आणि त्यानंतर 'असं मला वाटलं', 'असं झालं बघा' वगैरे काहीही जोडू नका.

पायरी 5. इथलं बोला

आपल्या भागात बायका 'मी येतो', 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. बेळगावच्या स्टेजवर याला कुणी हसत नाही, कारण सगळे तसंच बोलतात. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना मात्र हे ऐकूनच हसू येतं. पुलंच्या 'रावसाहेब'मुळे बेळगावी बोलणं उभ्या महाराष्ट्राच्या ओळखीचं झालंय आणि लोक त्या हेलाची वाटच बघत असतात. इथे मोह होतो: आणखी हेल काढावा, 'सॉरी हं, आमची मराठी अशीच' म्हणावं. कृपा करून ते म्हणू नका. तुमच्या आईची भाषा माफी मागण्यासारखी नाही. जशा घरी बोलता तशाच बोला, हेल वाढवू नका, कमीही करू नका, आणि हशा बोलण्याच्या आशयातून काढा. दोन मिनिटांत प्रेक्षकांचा कान सरावतो आणि मग ते ऐकू लागतात.

कन्नडचा प्रश्न जास्त नाजूक आहे. 1956 पासूनचा सीमावाद, 1 नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस, सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेला दावा, हे सगळं प्रेक्षकांच्या मनात असतं. पाच मिनिटांच्या पहिल्या कार्यक्रमाला ते पेलायचं नाही. माझा सल्ला साधा आहे: कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला विनोदाचं लक्ष्य करू नका, आणि 'आम्हा मराठी लोकांना कुणी विचारत नाही' असं स्वतःलाही बिचारं करू नका. तुमचं स्वतःचं मोडकं कन्नड मात्र विनोदासाठी उत्तम आहे, कारण ते उजव्या पानावरचं आहे, तुम्ही केलेलं आहे. 'बर्री' (या) म्हणायच्या जागी साहेबांना 'बा' (ये) म्हणून बसलात, आणि ते खरंच आज्ञाधारकपणे उठून आले. याला मराठी आणि कन्नड दोन्ही प्रेक्षक हसतील, कारण चूक दोघांनाही कळते आणि कुणाचाच अवमान होत नाही.

सीमेवर राहण्यातली गंमत सरकारांवर काढता येते आणि ती कायम चालते. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसचा प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. निपाणीची बाई यावरून म्हणू शकते:

'निपाणीच्या बसमध्ये माझं तिकीट शून्य. एसटीत अर्धं. म्हणजे कोगनोळीचा नाका ओलांडला की लगेच माझी किंमत वाढते.'

तीन वाक्यं आहेत. स्वतःच्या 'किमती'बद्दलच बोलणं आहे, तरी हसू दोन्ही सरकारांवर आहे, आणि हा विनोद इथल्याच बाईला सुचू शकतो.

पायरी 6. घरच्यांना आधी विचारा

सासू, नवरा, जाऊ यांच्यावरचे विनोद त्यांना आधी घरात ऐकवा. पटलं नाही तर काढून टाका. पहिल्या पाच मिनिटांसाठी घरात भांडण विकत घेऊ नये. वरचा यादीचा विनोद मला आवडतो तो अशासाठी की त्यातल्या सासूबाई बावळट नाहीत, त्या तुमच्याहून हुशार निघाल्या आहेत. असा विनोद सासूबाई स्वतः पुढच्या रांगेत बसून ऐकतात.

घरात मारहाण, छळ, दारू असं काही चालू असेल तर त्यावर आत्ता विनोद करू नका. हशा आला की लोकांना वाटतं प्रकरण मिटलं, आणि तुम्हालाही तसंच वाटू लागतं. विनोद गोष्ट मधेच थांबवतो, आणि काही गोष्टी पूर्ण सांगाव्या लागतात. त्यासाठी विश्वासाचं माणूस गाठा किंवा 181 ही महिला हेल्पलाइन वापरा. स्टेज नंतरही तिथेच असेल.

पायरी 7. पाच मिनिटांची बांधणी

लिहून काढलेले साधारण पाचशे शब्द पुरतात, कारण हशाला जागा सोडावी लागते. तीन विषय खूप झाले. दुसऱ्या क्रमांकाचा विनोद सुरुवातीला ठेवा, सगळ्यात चांगला शेवटी. मधल्या विनोदातला एखादा शब्द शेवटी परत आणता आला, उदाहरणार्थ 'सरकून घ्या', तर लोकांना ओळखीचा आनंद होतो. त्याला कॉलबॅक म्हणतात.

पहिलं वाक्य पाठ करा आणि त्यात माफी नको. 'मला काही येत नाही, सांभाळून घ्या', 'मी काही विनोदी वगैरे नाही', 'घरात कुणी माझं ऐकत नाही म्हणून इथे आले'. आपल्याकडच्या बायका हे सौजन्य म्हणून बोलतात, आणि प्रेक्षक ते खरं मानतात. सरळ विषयात शिरा: 'काल खानापूरहून वडापनं आलो.' झालं.

पायरी 8. तालीम आणि तो दिवस

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐका. एका मैत्रिणीला ऐकवा, मग तिघींना. आरशासमोर तालीम करू नका, आरशात चेहराच दिसत राहतो.

निवेदकाला तुमची ओळख दोन ओळींत लिहून द्या. हे फार महत्त्वाचं आहे. नाही दिलीत तर तो आपल्या मनानं 'आता येताहेत आपल्या गुटगुटीत वहिनी' असं काहीतरी म्हणेल आणि तुमचं सगळं गणित बोलायच्या आधीच विस्कटेल. तरीही तो तसं म्हणालाच, तर त्याला हसून साथ देऊ नका. 'नमस्कार' म्हणा, एक श्वास घ्या आणि ठरलेलं पहिलं वाक्य बोला.

मांडवात आवाज घुमतो, म्हणून सावकाश बोला. माइक हनुवटीजवळ धरा. हशा येत असताना बोलू नका, तो उतरू लागला की पुढचं वाक्य घ्या. हशा आला नाही तर 'बघा, मला जमतच नाही' असं म्हणायची उबळ येईल. ती दाबा आणि पुढच्या विनोदावर जा. लोकांना पडलेला विनोद आठवत नाही, त्याबद्दलची रडकथा आठवते.

मागून कुणीतरी ओरडेलच, 'वहिनी, घरात स्वयंपाक झाला काय?' उत्तर तयार ठेवा, शांतपणे, गोड आवाजात: 'झाला की भाऊजी. तुमच्याकडं कोण करूलालंय आता? तुम्ही तर हितं बसलाय.' एकदाच उत्तर द्या. दुसऱ्यांदा ओरडला तर दुर्लक्ष करा. तिसऱ्यांदा आयोजकांकडे बघा, तो त्यांच्या कामाचा भाग आहे.

पायरी 9. क्लिप कुणाकडे आहे?

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आयोजकांना विचारा की रेकॉर्डिंग कोण करणार आणि ते कुठे टाकणार. पाच मिनिटांतली दहा सेकंदं कापून व्हॉट्सॲपवर फिरवली जातात, आणि ती दहा सेकंदं नेहमी तीच असतात ज्यांत बाई स्वतःला नावं ठेवते. डाव्या पानावरचं काही तुमच्या बोलण्यात आलंच नाही, तर कापायला काही मिळत नाही. स्वतःचं पूर्ण रेकॉर्डिंग मात्र नक्की करून घ्या, मैत्रिणीला पुढच्या रांगेत बसवून.

दुसऱ्या दिवशी ते ऐका आणि प्रत्येक हशापुढे वहीत खूण करा: कुठल्या शब्दावर आला, बायका आधी हसल्या की पुरुष, किती वेळ टिकला. जिथे फक्त पुरुष हसले आणि बायका गप्प राहिल्या, ती ओळ परत तीन खर्ड्यांतून काढा. जिथे बायका आधी हसल्या आणि मग सगळे, तिथे तुमचा पुढचा विषय आहे. त्यावर आणखी दोन मिनिटं लिहा.

जागा शोधायला लांब जावं लागत नाही. थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथे ग्रामीण साहित्य संमेलनं भरतात. तिथलं कथाकथन ऐका, मग आयोजकांना भेटून पुढच्या वर्षासाठी पाच मिनिटं मागा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदीकुंकू असतं, तिथे प्रेक्षक सगळे आपलेच. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीची मंडळं कार्यक्रमांच्या शोधात असतात, पण त्यांची यादी महिनाभर आधीच ठरते, म्हणून जुलैतच विचारा. आणि विचारताना 'एखादी छोटी संधी मिळाली तर' असं म्हणू नका. 'माझा पाच मिनिटांचा विनोदी कार्यक्रम तयार आहे, कोणत्या दिवशी ठेवताय?' असं विचारा.